'पुसू नये!'

बालमित्रांनो, फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून त्यात 'पुसू नये' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. तास संपला, की पाळी असलेला मुलगा सगळा फळा पुसतो, पण ती चौकट तेवढी सोडतो. एका जुन्या कॉम्प्युटरलाही ही युक्ती येत होती. आज त्याचीच गंमत पाहू.

या कॉम्प्युटरचं नाव अमिगा ५००. अमेरिकेतल्या कमोडोर कंपनीने तो १९८७ मध्ये बाजारात आणला. इंग्लंड-जर्मनीतली कितीतरी मुलं त्याच्यावर खेळ खेळली, चित्रं काढायला शिकली. त्याची मेमरी होती फक्त ५१२ किलोबाइट, आणि हार्ड डिस्क सहसा नसेच. सगळा कारभार ८८० किलोबाइटच्या फ्लॉपीवर! फ्लॉपी कुरकुरत फिरायची आणि आपण वाट बघत बसायचं.

यावर उपाय म्हणजे रॅम डिस्क. मेमरीचाच एक तुकडा बाजूला काढायचा आणि तो डिस्क असल्यासारखा वापरायचा. फिरणारं काही नाही, त्यामुळे काम एकदम झटपट. पण एक अडचण होती. एखादा प्रोग्रॅम बिघडला, की काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुके आणि त्यात शब्द येत, 'गुरू मेडिटेशन'. म्हणजे गुरुजी ध्यानाला बसले! मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागे, आणि रॅम डिस्कवरचं सगळं गायब!

१९८८ मध्ये किकस्टार्ट १.३ ही नवी चिप आली आणि तिच्याबरोबर 'रॅड' नावाची रॅम डिस्क. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तरी ही टिकायची. कशी बरं?

रीसेट करताना वीज जात नाही, म्हणून मेमरीतली अक्षरं जागच्या जागीच असतात. फक्त नव्याने जागा झालेला कॉम्प्युटर 'सगळा फळा मोकळा' असं समजून त्यावर लिहायला लागतो. रॅड मेमरीत एक नोंद करून ठेवते, 'एवढी जागा माझी.' शिवाय त्या नोंदीतल्या आकड्यांची बेरीजही लिहून ठेवते. किकस्टार्ट जागा झाला, की आधी ती बेरीज ताडून पाहतो. जुळली तर ती जागा सोडतो. नाही जुळली, तर नोंद बिघडली असं समजून सगळंच मोकळं करतो. झाली की नाही 'पुसू नये'ची चौकट?

आता रॅड तयार कशी करायची? अमिगाच्या 'माउंटलिस्ट' या फाइलमध्ये रॅडचं माप लिहिलेलं असतं. एका सिलिंडरला २ बाजू, प्रत्येक बाजूवर ११ खाने, एका खान्यात ५१२ बाइट. गुणाकार करा बघू! ११,२६४ बाइट, म्हणजे बरोबर ११ किलोबाइट. सिलिंडरची मोजणी शून्यापासून होते. म्हणून 'हायसिल'पुढे २१ लिहिलं, की २२ सिलिंडर होतात, म्हणजे २४२ किलोबाइट. ७९ लिहिलं, तर पूर्ण फ्लॉपीएवढी रॅड होते. पण तेवढी जादा मेमरी हवी. एक मेगाबाइटच्या कॉम्प्युटरवर लहान रॅडच बरी, नाहीतर प्रोग्रॅम चालायला जागाच उरत नाही.

माप ठरलं, की 'माउंट रॅड' ही आज्ञा द्यायची आणि हव्या त्या फाइल तिच्यावर उतरवायच्या. मग कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा एकदम दाबून रीसेट करायचं. फाइल तशाच सापडतात! काम संपल्यावर 'रेमरॅड' ही आज्ञा रॅड काढून टाकते.

पण मुलांनो, आता कळीची गोष्ट. कौलं गळून फळाच भिजला, तर 'पुसू नये' काय कामाचं? तसंच वीज गेली, बटण बंद झालं, की रॅडही संपली. म्हणून जाणती मुलं चित्र रॅडवर काढत, पण उठण्यापूर्वी फ्लॉपीवर उतरवून ठेवत.

कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली. हा नियम मात्र बुडाला नाही. आजच्या कॉम्प्युटरची मेमरीसुद्धा वीज गेली की कोरी होते. म्हणून निबंध लिहिताना, चित्र काढताना मधूनमधून 'सेव्ह' करायचं. आई-बाबांनो, तुम्हीसुद्धा बरं का!