नखावरची रेघ आणि नोंदवहीतला रकाना

जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ले ११ मे १९८१ रोजी वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले. १९७७ मध्ये त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, आढळला होता. आरंभी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजली गेली होती. त्यानंतर चार दशके उलटली, तरी सावळ्या त्वचेत हा रोग वेळेत कसा ओळखावा, याचे वैद्यकशास्त्राकडील उत्तर अपुरेच आहे. बहुसंख्य नागरिक सावळ्या वर्णाचे असलेल्या आपल्या देशाला हा प्रश्न परक्यांवर सोपवून चालणार नाही.

इंग्रज शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी या रोगाचे वर्णन १८८६ मध्येच केले होते. नखाचा काळा रंग भोवतालच्या त्वचेत उतरणे, ही धोक्याची खूण आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र ज्यांच्या नखाभोवतीची त्वचा मुळातच गडद असते, त्यांच्यात ही खूण फसवी ठरते. शिवाय सावळ्या माणसांच्या नखांवर उभ्या तपकिरी रेघा सर्रास आढळतात व त्या बहुधा निरुपद्रवी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधे, बुरशी, शेतात ठेचाळलेली बोटे यांनीही नख काळवंडते. त्यामुळे हजारो निरुपद्रवी रेघांत एक घातक रेघ दडून राहते.

२००० साली अमेरिकेत तयार झालेल्या निदानसूचीत रुंदी तीन मिलिमीटर वा अधिक असणे, रेघेत बदल होणे, अंगठा बाधित असणे अशा कसोट्या आहेत. त्याच सूचीत रुग्ण आशियाई वा आफ्रिकी वंशाचा असणे हीदेखील जोखमीची खूण मानली आहे. जेथे जवळजवळ प्रत्येक रुग्ण आशियाईच असतो, तेथे ही कसोटी कोणाला कोणापासून वेगळे करणार?

हे एकाच सूचीपुरते नाही. त्वचेचे प्रकार ठरवणारी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी १९७५ मध्ये गोऱ्या त्वचेसाठी आखली गेली. गडद वर्णांचे प्रकार तिला नंतर जोडले गेले. संगणकीय निदानासाठी जगभर वापरला जाणारा दहा हजारांवर प्रतिमांचा एक संच व्हिएन्ना व क्वीन्सलँड येथील रुग्णांचा आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विविध वर्णांच्या ६५६ प्रतिमांवर अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची अचूकता घसरली.

इतिहासाच्या अभ्यासाने आणि प्रशासनातील वर्षांनी मला एक गोष्ट शिकवली: तक्ता आखणारा जे विचारत नाही, ते राज्यसंस्थेला दिसत नाही. आपला राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ पासून चालू आहे. परंतु आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मेलॅनोमासाठी हाताचा एक आणि पायाचा एक संकेतांक आहे. नखाचा स्वतंत्र नाही. मांडीवरचा मेलॅनोमा आणि अंगठ्याच्या नखाखालचा मेलॅनोमा एकाच आकड्यात जमा होतात. ज्याची वेगळी गणती नाही, त्याच्या संशोधनासाठी निधी कोणत्या आधारे मागायचा?

हा रोग दुर्मीळ आहे. त्यासाठी घरोघरी तपासणीची मोहीम काढणे हा पैशाचा अपव्यय ठरेल आणि नाहक भीती पसरेल. करण्याजोग्या गोष्टी मर्यादित व स्वस्त आहेत. नोंदणीत ‘नखाखाली’ असा उपरकाना जोडावा. मोठ्या रुग्णालयांनी भारतीय नखांच्या प्रतिमा ऊतकतपासणीच्या निष्कर्षासह, रुग्णांच्या संमतीने, एकत्र साठवाव्यात. निरुपद्रवी रेघांच्याही, कारण तुलनेविना निदान नाही. नखाच्या मुळाशी असलेल्या ऊतीचा नमुना घेण्याचे कौशल्य मोजक्या हातांत आहे. त्याचे प्रशिक्षण वाढवावे. कुष्ठरोगासाठी हातपाय तपासणाऱ्या आरोग्यसेवकांना नखाकडे पाहण्याची एक साधी कसोटीही शिकवावी.

ती कसोटी अशी: माराने साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मागून स्वच्छ नख येते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने. काही महिन्यांनंतरही काळेपणा मुळापासूनच निघत असेल, रेघ रुंदावत असेल किंवा नख दुभंगत असेल, तर मलम बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. रोग नखापुरता असतानाच सापडला, तर अनेकदा बोटही वाचवता येते. उशीर झाला, तर प्रश्न बोटाचा राहत नाही, आयुष्याचा होतो.