सौर विद्युत् केंद्र : स्थाननिश्चिती व भूमिवापर

सूर्याच्या प्रारणापासून मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण करणाऱ्या केंद्रासाठी जागा निवडणे, त्या जागेचा पूर्वीचा वापर बदलणे आणि या बदलाचे कायदा व धोरण यांद्वारे नियमन करणे, या बाबींचा समावेश या विषयात होतो. औष्णिक केंद्राची जागा ठरविताना कोळसा, पाणी व लोहमार्ग यांची जवळीक प्रामुख्याने पाहिली जाते. सौर केंद्राला इंधनाची वाहतूक करावी लागत नाही. परंतु सौर ऊर्जा भूपृष्ठावर विरळ पसरलेली असल्यामुळे ती गोळा करण्यास विस्तीर्ण पृष्ठभाग लागतो. त्यामुळे सौर विजेचा प्रश्न बऱ्याच अंशी जमिनीचा प्रश्न ठरतो. मुंबईच्या उपनगरांसारख्या दाट वस्तीच्या प्रदेशाच्या संदर्भात तो विशेष ठळकपणे दिसतो. कारण तेथे विजेची मागणी प्रचंड असून मोकळी जमीन अत्यल्प आहे.

स्थाननिश्चितीचे निकष : जागा निवडताना वार्षिक सौर प्रारण, ढगाळ दिवसांचे प्रमाण, हवेतील धूळ व क्षार, वाऱ्याचा वेग, जमिनीचा उतार आणि पुराचा धोका यांचा विचार करतात. सपाट किंवा दक्षिणेकडे किंचित उतार असलेली जमीन सोयीची असते. उत्तर गोलार्धात सौर पट्ट दक्षिणाभिमुख व साधारणपणे त्या ठिकाणच्या अक्षांशाइतके कलते बसवितात. मुंबईत हा कोन सु. १९° येतो. एका रांगेची सावली दुसरीवर पडू नये म्हणून रांगांमध्ये अंतर सोडावे लागते आणि त्यामुळे लागणारी जमीन पट्टांच्या क्षेत्रफळापेक्षा बरीच अधिक असते. पट्ट धुण्यासाठी पाणी आणि वीज वाहून नेण्यासाठी जवळपास पुरेशा क्षमतेचे उपकेंद्र असणे हेही महत्त्वाचे निकष होत. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात निर्मिती पुष्कळ घटते आणि खाऱ्या हवेमुळे धातूचे सांगाडे लवकर गंजतात. या कारणांमुळे धुळे, सोलापूर यांसारखे पर्जन्यछायेतील जिल्हे किनाऱ्यापेक्षा अधिक अनुकूल ठरतात.

जमिनीची गरज : एक मेगावॉट क्षमतेच्या भूस्थित केंद्रास साधारणपणे ४ ते ५ एकर, म्हणजे १.६ ते २ हेक्टर जमीन लागते. एवढ्या क्षमतेपासून अनुकूल हवामानात वर्षाला सु. १६ लाख एकक (युनिट) वीज मिळते. या हिशेबाने वर्षाला १,००० कोटी एकक वीज केवळ सौर केंद्रांतून मिळवावयाची झाल्यास सु. ६,२५० मेगावॉट क्षमता व १०० ते १२५ चौ. किमी. जमीन लागेल. मुंबई उपनगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४४६ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. म्हणजे दर चौ. किमी. मध्ये सु. २१,००० माणसे राहत होती. अशा जिल्ह्याचा सु. चौथा हिस्सा सौर पट्टांखाली घालणे शक्य नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सु. १०४ चौ. किमी. आहे, यावरून या गरजेच्या आकारमानाची कल्पना येईल.

उपनगरांची वीज आणि दूरची जमीन : मुंबईची वीज दूरच्या जमिनीवर निर्माण होण्याची परंपरा जुनी आहे. टाटा समूहाचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर मुळशी येथे धरण बांधण्यात आले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांची सुपीक जमीन पाण्याखाली जाणार होती. तिच्या रक्षणासाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. शहराला लागणाऱ्या विजेसाठी जमीन कोणी द्यावयाची, हा प्रश्न त्या सत्याग्रहाने प्रथम स्पष्टपणे मांडला. सौर युगातही तो तसाच कायम आहे. मुळशी येथेच २०११ मध्ये ३ मेगावॉटचे सौर केंद्र उभारण्यात आले.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर इ. उपनगरांना वीज पुरविणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. तिचा हा व्यवसाय पुढे रिलायन्स समूहाकडे व २०१८ पासून अदानी समूहाकडे गेला. भांडुप व मुलुंड या भागांत महावितरण वीजपुरवठा करते. वीजवितरण कंपन्यांनी आपल्या एकूण खरेदीचा ठराविक हिस्सा नूतनीकरणक्षम ऊर्जेचा ठेवावा, असे बंधन राज्य वीज नियामक आयोगाने घातल्यानंतर उपनगरांसाठी सौर वीज घेण्यास प्रारंभ झाला. त्यासाठी राजस्थानातील पोखरणजवळ ४० मेगावॉटचे केंद्र २०१२ मध्ये कार्यान्वित झाले. २०२३ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातील पवन व सौर संयुक्त केंद्रांतून ७०० मेगावॉटच्या कराराची वीज उपनगरांना मिळू लागली. अशा प्रकारे अंधेरीतील एखाद्या घरातील दिव्याखाली थरच्या वाळवंटातील काही चौरस मीटर जमीन गुंतलेली असते.

दूरची वीज शहरात आणण्यासाठी पारेषण मार्ग लागतात व त्यांनाही जमीन हवी असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण व्यवस्थेतील बिघाडामुळे मुंबई व परिसराचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला आणि या मार्गांची अपुरी क्षमता प्रकर्षाने जाणवली. त्यानंतर ४०० किलोव्होल्टचा खारघर–विक्रोळी मार्ग २०२३ मध्ये पूर्ण झाला. तो खाडीलगतच्या कांदळवनातून जात असल्याने त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली होती.

उपनगरांतील उपलब्ध पृष्ठभाग : मोकळी जमीन नसली, तरी पूर्वीच वापरात असलेले पृष्ठभाग उपनगरांत पुष्कळ आहेत. त्यांचे चार प्रकार करता येतात.

(१) छपरे : छपरावर एक किलोवॉट क्षमतेस सु. १० चौ. मी. जागा लागते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या प्रकाशविद्युत् संशोधन केंद्राने इतर संस्थांच्या सहकार्याने केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बृहन्मुंबईतील छपरांची सौर क्षमता सु. १,७२० मेगावॉट काढण्यात आली. ती सर्व उपयोगात आली, तरी वर्षाला सु. २३० कोटी एकक वीज मिळेल. ही वीज शहराची गरज भागविण्यास अपुरी आहे. मात्र तिच्यासाठी नवी जमीन लागत नाही व लांब पारेषण मार्गांचीही गरज पडत नाही. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो मार्गावरील स्थानकांच्या छपरांवर बसविलेले पट्ट हे याचे सर्वांच्या दृष्टीस पडणारे उदाहरण होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी दर किलोवॉटमागे १८,००० रु. साहाय्य ठेवण्यात आले. प्रत्यक्षात मात्र गच्चीवर पाण्याच्या टाक्या, उद्वाहनाच्या खोल्या व पावसाळी पत्रे असतात. शेजारी उंच इमारत उभी राहिली, की चांगल्या गच्चीवरही सावली पडते. पट्टांचे आयुष्य सु. २५ वर्षे असते. त्यामुळे पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या जुन्या संस्था हा खर्च करण्यास धजत नाहीत. झोपडपट्टीतील पत्र्याची छपरे पट्टांचा भार पेलू शकत नाहीत.

(२) मिठागरे : मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग परिसरातील मिठागरांची जमीन सपाट व उन्हाळी असल्यामुळे वरकरणी सौर केंद्रास योग्य वाटते. परंतु भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेऊन ही जमीन पूर्व उपनगरांचे पुरापासून काही अंशी रक्षण करते. तिच्या बऱ्याच भागास सागरी किनारा नियमनाचे निर्बंध लागू होतात व लगतच्या कांदळवनांस न्यायालयीन संरक्षण आहे. शिवाय घरबांधणीची मागणी मोठी असल्याने अशा जमिनीच्या स्पर्धेत वीज मागे पडते. २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सु. २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचा निर्णय झाला.

(३) बंद झालेल्या कचराभूमी : बोरिवलीजवळील गोराई येथील कचराभूमी २००७ नंतर मातीच्या आवरणाने शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आली. मुलुंड येथील कचराभूमीत कचरा टाकणे २०१८ मध्ये थांबले. परदेशांत अशा जागांवर सौर केंद्रे उभारण्यात आली आहेत. कचरा कुजत असताना जमीन असमान खचते व आवरणाला भोके पाडता येत नाहीत. म्हणून पट्टांचे सांगाडे जमिनीत न रोवता वजनदार ठोकळ्यांवर ठेवावे लागतात. आतून बाहेर पडणाऱ्या मिथेन वायूची व्यवस्थाही आधी करावी लागते. घरांसाठी ही जमीन दीर्घकाळ अयोग्य असते, हा सौर वापराच्या दृष्टीने तिचा मोठा गुण होय.

(४) जलाशय : पाण्यावर तरंगणाऱ्या पट्टांना जमीन लागत नाही, पट्ट थंड राहतात व बाष्पीभवन काही प्रमाणात घटते. विहार व तुळशी हे तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात असल्यामुळे त्यांचा असा वापर करणे उचित ठरणार नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेने पालघर जिल्ह्यातील मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॉट जलविद्युत् व ८० मेगावॉट तरंगती सौर वीज यांचा संयुक्त प्रकल्प आखला आहे.

ग्रामीण महाराष्ट्रातील भूमिधोरण : जमीन मिळविण्याचे तीन मार्ग आहेत : सरकारी जमीन देणे, खासगी जमीन संपादन वा खरेदी करणे आणि ती भाड्याने घेणे. महानिर्मितीचे १२५ मेगावॉटचे सौर केंद्र धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये उभे राहिले. त्याच जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातील विखरण परिसरात औष्णिक केंद्रासाठी जमिनी संपादन करण्यात आल्या व पुढे तेथे सौर केंद्र योजण्यात आले. शेजारच्या जमिनीच्या मानाने आपल्याला अत्यल्प मोबदला मिळाला, अशी तक्रार करणाऱ्या तेथील एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन केले व त्यातच त्याचा मृत्यू झाला. संपादनाचा हेतू बदलला, तरी मूळ अन्याय आपोआप दूर होत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूमिसंपादन कायद्याने १८९४ चा कायदा रद्द केला. ग्रामीण भागात वाढीव मोबदला, सामाजिक परिणामांची पाहणी व बहुपीक ओलिताच्या जमिनीस संरक्षण, ही या कायद्याची वैशिष्ट्ये होत.

संपादनापेक्षा वेगळा मार्ग २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजनेत दिसतो. राळेगणसिद्धी (जि. अहिल्यानगर) व कोळंबी (जि. यवतमाळ) येथे तिचे प्रारंभीचे प्रकल्प हाती घेण्यात आले. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला. यात उपकेंद्राच्या परिसरातच लहान केंद्रे उभारून शेतीला दिवसा वीज देण्यात येते. खासगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक १,२५,००० रु. भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठेवण्यात आली. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते व करार संपल्यावर जमीन त्याला परत मिळते. या टप्प्यातील ३ मेगावॉटचा पहिला प्रकल्प २०२४ मध्ये धोंदलगाव (जि. छत्रपती संभाजीनगर) येथे कार्यान्वित झाला. या पद्धतीत भाडे मात्र जमीनधारकालाच मिळते. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराच्या बुडालेल्या रोजगाराची तरतूद त्यात नसते.

‘पडीक’ जमिनीचा प्रश्न : सौर केंद्रे पडीक जमिनीवर उभारावीत, असे सर्वसाधारण धोरण आहे. तथापि महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली जमीन प्रत्यक्षात निरुपयोगी असतेच असे नाही. गायराने ही गावाच्या गुरांची चराई, सरपण व भूमिहीनांची अतिक्रमित शेती यांचा आधार असतात. गावाच्या सामाईक जमिनींचे रक्षण करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना दिला होता. महाराष्ट्रातील माळराने लांडगा, काळवीट व माळढोक यांचा अधिवास आहेत. जैसलमेर भागात विजेच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला व २०२४ मध्ये त्यात फेरबदल करून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. उपनगरांना मिळणाऱ्या विजेचा काही भाग याच जिल्ह्यातून येतो.

प्राधान्यक्रम : वरील विवेचनावरून जागेच्या निवडीचा एक क्रम सुचतो. प्रथम छपरे, स्थानके, जलाशय व बंद कचराभूमी यांसारखे आधीच वापरात आलेले पृष्ठभाग. नंतर उपकेंद्रालगतची, मालकाच्या संमतीने भाड्याने घेतलेली कमी कसाची जमीन. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणीने पडीक ठरलेली सरकारी जमीन आणि अखेरीस सक्तीचे संपादन. पहिल्या प्रकारातील वीज काहीशी महाग पडते; कारण लहान केंद्रांचा उभारणीखर्च दर किलोवॉटमागे अधिक असतो. मात्र दूरच्या स्वस्त विजेच्या दरात चराईची हानी, पारेषण मार्गाखालील कांदळवन वा पक्ष्यांचा अधिवास यांची किंमत धरलेली नसते. ती धरल्यास दोहोंतील अंतर कमी होते. मुंबईच्या उपनगरांना आपल्या गरजेची सर्व वीज आपल्या भूमीवर निर्माण करता येणार नाही. परंतु आपल्या गच्च्यांवर निर्माण होणारे प्रत्येक एकक तितक्या प्रमाणात दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीवरील भार हलका करते.