तारापूरची तपासणी आणि वऱ्हाडातली एक्स-रे खोली

अकोल्याच्या शेतकऱ्याला ट्रॉम्बे नवं नाही. 'टीएयू-१' हा उडीद आणि 'टीएजी-२४' हा भुईमूग त्याच्या ओळखीचे. या नावांतला 'टी' ट्रॉम्ब्याचा आणि 'ए' अकोल्याचा. बियाण्यावर किरणांचा मारा करून पिकात बदल घडवायचं काम ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं, आणि तो बदल शेतात पारखायचं काम डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. योगायोग असा, की हे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालं आणि त्याच महिन्यात, २८ तारखेला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला व्यापारी तत्त्वावर सुरू झालं.

तरीही अणुऊर्जेचा विषय निघाला की वऱ्हाडी माणूस तो कोकणाकडे ढकलतो. तारापूर पालघर जिल्ह्यात, जैतापूर राजापूर तालुक्यात, आपल्याकडे कोळसा. बाळापूर तालुक्यात पारसचे २५० मेगावॅटचे दोन संच, अमरावतीजवळ नांदगावपेठचा १,३५० मेगावॅटचा प्रकल्प. अणुभट्टी इथं कुठं आहे? नाही, हे खरं. पण तारापूरच्या भट्टीला जे मंडळ परवाना देतं, तेच मंडळ अमरावतीच्या एखाद्या अस्थिरोग रुग्णालयातल्या एक्स-रे यंत्रालाही परवाना देतं. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. हे मंडळ कसं काम करतं आणि कुठे कमी पडतं, हे कळून घेण्यात वऱ्हाडाचा थेट संबंध आहे. म्हणून हा आढावा.

सुरुवात तारापूरपासूनच करावी लागते. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. प्रत्येकीची क्षमता मुळात २१० मेगावॅट. पुढे ती १६० वर आणली गेली. नियामक मंडळ जन्माला आलं १५ नोव्हेंबर १९८३ रोजी. म्हणजे भट्ट्या आधी चौदा वर्षं चालल्या आणि त्यांना तपासणारी वेगळी संस्था नंतर आली. तोवर तपासणी अणुऊर्जा खात्याच्या अंतर्गत समित्या करत. तारापूरची पुढची बरीचशी कहाणी जुनं बांधकाम नव्या नियमांत बसवण्याची आहे.

आजची पद्धत अशी. जागा, बांधकाम, चाचणी, उत्पादन आणि शेवटी केंद्र मोडीत काढणं, या प्रत्येक टप्प्यावर वेगळी संमती लागते. उत्पादनाचा परवाना कायमचा नसतो, ठरावीक मुदतीनं नवा करावा लागतो. दर दहा वर्षांनी साऱ्या केंद्राचा मुळापासून फेरआढावा होतो. तपासणीचं पथक वर्षातून ठरलेल्या वेळी येतं, गरज पडली तर अचानकही येतं. शिवाय मंडळाचे निरीक्षक केंद्राच्या ठिकाणीच नेमलेले असतात. पथक काय पाहतं? पाळीचं लॉगबुक. आणीबाणीचे डिझेल जनरेटर शेवटचे कधी चालवून पाहिले आणि किती सेकंदांत सुरू झाले. ज्या झडपा उघड्या असायला हव्यात त्या उघड्या आहेत का. मागच्या तपासणीत काढलेली त्रुटी कागदावर मिटली की जागेवर. कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या माणसालाही परवाना लागतो, आणि ठरावीक काळानं पुन्हा परीक्षा देऊन तो नवा करून घ्यावा लागतो.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नळ्यांच्या जोडांची तपासणी. उकळत्या पाण्याच्या भट्टीत स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना वेल्डिंगच्या शेजारी सूक्ष्म भेगा पडू शकतात. ताण, पाण्यातला ऑक्सिजन आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं बदललेला धातू, तिन्ही एकत्र आले की भेग आतून वाढते आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते. सोनोग्राफीत डॉक्टर पोटावर फिरवतात तसा शोधक जोडावर फिरवून ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून ती भेग शोधावी लागते. हे काम किरणोत्सर्गी जागेत, बेतलेल्या मिनिटांत करायचं असतं, कारण कामगाराच्या वाट्याच्या मात्रेला मर्यादा आहे: पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. केंद्राबाहेरच्या सामान्य माणसासाठी हीच मर्यादा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट. २०२० साली तारापूरच्या दोन्ही जुन्या भट्ट्या थांबवल्या गेल्या, त्या याच, भट्टीतलं पाणी फिरवत ठेवणाऱ्या पुनराभिसरण नळ्या बदलण्याच्या मोठ्या कामासाठी.

त्याआधीचं एक उदाहरण मंडळाच्या बाजूनं सांगायला हवं. सन २००० नंतर मंडळानं या दोन भट्ट्यांचा सविस्तर फेरआढावा घ्यायला लावला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक सुहास सुखात्मे त्या काळात मंडळाचे अध्यक्ष होते. जुन्या आराखड्यात दोन्ही भट्ट्यांच्या काही यंत्रणा सामाईक होत्या. एकीकडे बिघाड झाला तर दुसरीही अडचणीत येणार. २००५-०६ मध्ये भट्ट्या बंद ठेवून या यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या, आणीबाणीचे नवे डिझेल जनरेटर बसले, पर्यायी नियंत्रण कक्ष उभा राहिला. पाच वर्षांनी, ११ मार्च २०११ ला, फुकुशिमात त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले आणि वीज गेलेल्या भट्ट्या थंड करता आल्या नाहीत. त्या भट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच प्रकारातल्या होत्या. तारापूरचं ते काम त्याआधीच झालं होतं, ही समाधानाची बाब आहे. फुकुशिमानंतर बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या आणखी बसवल्या गेल्या.

म्हणजे मंडळाकडे जाणकार माणसं आहेत, पद्धतही आहे. दुखणं राहिलं ते त्याच्या जागेचं. मंडळ आपला अहवाल देत आलं अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा खात्याचा सचिव. आणि तारापूर चालवणारं अणुऊर्जा महामंडळ त्याच खात्याखाली. तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच वरिष्ठाकडे जात आले. मंडळाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५ मध्ये, देशातल्या अणुकेंद्रांमधल्या १३० सुरक्षा-त्रुटींची यादी तयार झाली होती. ती लोकांसमोर ठेवली गेली नाही; पद सोडल्यावर गोपालकृष्णन स्वतःच त्यावर जाहीरपणे बोलत राहिले. सन २००० मध्ये तर भाभा केंद्राच्या स्वतःच्या सुविधाच मंडळाच्या कक्षेतून काढून घेतल्या गेल्या. माझ्या मते मंडळाच्या इतिहासातला हा सर्वांत चुकीचा निर्णय.

फुकुशिमानंतर सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र नियामकाचं विधेयक लोकसभेत आलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विरून गेलं. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या दुबळ्या कायदेशीर स्थानावर कडक अहवाल दिला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकानंही स्वातंत्र्य कायद्यात लिहा असंच सुचवलं. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं जो 'शांती' कायदा मंजूर केला, त्यानं मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याच कायद्यानं अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुलं केलं. मालक अनेक होणार असतील तर तपासनीस पूर्वीपेक्षा कणखर लागेल. अध्यक्षाची नेमणूक कोण करतो, त्याला कोण काढू शकतो, पैसा कुठून येतो, यावर त्या दर्जाची खरी किंमत ठरेल.

आता वऱ्हाडाकडे येतो. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालात एक आकडा होता, त्याची चर्चा मात्र फार झाली नाही. देशात त्या वेळी ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रं होती आणि त्यांतली ५२,१७३, म्हणजे शेकडा ९१, मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय उभारायला सांगितलं होतं. २०१२ पर्यंत ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत झालं होतं. महाराष्ट्र, जिथं मंडळाचं मुख्यालय अणुशक्तीनगरला आहे, त्या यादीत नव्हता.

त्यानंतर मंडळानं 'ई-लोरा' ही ऑनलाइन परवाना व्यवस्था आणली आणि नोंदणी खूप वाढली. चेन्नई, कोलकाता आणि दिल्लीत विभागीय केंद्रंही झाली. पण नोंद झाली म्हणजे तपासणी झाली असं नाही. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट इथल्या दवाखान्यांच्या गल्लीपर्यंत मुंबईचा निरीक्षक कितीदा पोचणार?

एक्स-रे खोलीचे नियम अवघड नाहीत. भिंत नऊ इंची विटांची, दाराला शिशाचा पत्रा, दारावर किरणोत्सर्गाचं चिन्ह आणि यंत्र चालू असताना लाल दिवा. बटण दाबणाऱ्यासाठी आडोसा, शिशाचा ॲप्रन, आणि छातीवर किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज, जो ठरावीक महिन्यांनी मोजणीला पाठवायचा असतो. गर्भवती स्त्रीनं आधी सांगावं असा फलक, तिला वाचता येईल अशा मराठीत. दर दोन वर्षांनी यंत्राची गुणवत्ता चाचणी. प्रत्यक्षात आपल्याकडे काय दिसतं? लहान मुलाला धरायला आईला ॲप्रनशिवाय आत बोलावलं जातं. पुढचा रुग्ण त्याच खोलीत बाकावर बसवलेला असतो. टेक्निशियनचा बॅज खिशाऐवजी कपाटात असतो. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा अगदी थोडी, मिलिसिव्हर्टच्या दहाव्या हिश्शाहूनही बहुधा कमी. रुग्णानं घाबरून तपासणी टाळू नये. पण टेक्निशियन रोज, वर्षानुवर्षं तिथंच उभा असतो. तारापूरच्या कामगाराच्या मात्रेचा हिशेब मिनिटामिनिटानं ठेवला जातो. त्याच मंडळाच्या कक्षेतल्या या टेक्निशियनचा हिशेब कपाटातल्या बॅजवर होतो.

कॅन्सरवरच्या कोबाल्ट यंत्राची गोष्ट आणखी गंभीर. एक्स-रेचा वीजपुरवठा बंद केला की किरण थांबतात. कोबाल्ट-६० कधीच थांबत नाही, दर सव्वापाच वर्षांनी अर्धा होतो इतकंच. दिल्ली विद्यापीठानं १९६८ मध्ये घेतलेलं असंच एक गॅमा यंत्र २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकलं. ते मायापुरीच्या बाजारात फोडलं गेलं, एक कामगार मेला, अनेक भाजले. अकोल्यात, बडनेऱ्यात भंगाराची मोठी उलाढाल आहे. तिथल्या किती व्यापाऱ्यांना तीन पात्यांचं ते किरणोत्सर्गाचं चिन्ह ओळखता येतं? जिल्हा प्रशासनानं हे शिकवायला एक दुपार पुरेल.

वऱ्हाडाला तपासनीस नवा नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरसाठी १९२३ च्या कायद्यापासून निरीक्षक येत आले. प्रमाणपत्राची मुदत संपली की बॉयलर थंड ठेवावा लागे. तो निरीक्षक राज्याचा होता, आवाक्यातला होता, त्याचा शेरा भिंतीवर लागे. किरणोत्सर्गासाठी महाराष्ट्रानं तसंच मनुष्यबळ असलेलं संचालनालय उभारावं आणि त्याचं एक कार्यालय अमरावती विभागात असावं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात प्रत्येक एक्स-रे आणि सीटी केंद्राची यादी परवान्याच्या मुदतीसह लावावी. तारापूरच्या तपासणीचे अहवालही मंडळानं मराठीत प्रसिद्ध करावेत. पालघरच्या मच्छीमारांना त्यांची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे. तोवर एक्स-रेला गेलात तर दारावरचा परवाना पाहा, बरोबरच्या माणसासाठी ॲप्रन मागा, आणि तो नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवा.