जडत्वाचा उगम : माखचे तत्त्व आणि पर्यायी उपपत्ती

पदवी वर्गाच्या क्रमिक पुस्तकांत जडत्व हा वस्तूचा अंगभूत गुणधर्म म्हणून येतो आणि चर्चा तेथेच संपते. हा गुणधर्म वस्तूला कोठून प्राप्त होतो, या प्रश्नाच्या पर्यायी उत्तरांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

न्यूटन यांनी १६८७ मध्ये फिरत्या बादलीचा दाखला दिला. पाणी बादलीबरोबर फिरू लागले की त्याचा पृष्ठभाग मध्यभागी खोलगट होतो. हे फिरणे कशाच्या सापेक्ष? बादलीच्या नव्हे, कारण तेव्हा दोन्ही परस्परांच्या सापेक्ष स्थिर असतात. निरपेक्ष अवकाशाच्या सापेक्ष, असे न्यूटन यांचे उत्तर होते. अर्न्स्ट माख यांनी १८८३ मध्ये ते नाकारले. त्यांच्या मते पाणी फिरते ते दूरस्थ ताऱ्यांच्या सापेक्ष. म्हणजे जडत्व हा विश्वातील समस्त द्रव्याशी असलेला संबंध ठरतो. आइन्स्टाइन यांनी १९१८ मध्ये या विचाराला ‘माखचे तत्त्व’ असे नाव दिले. स्वतः माख यांनी मात्र त्यासाठी गणिती सूत्र दिले नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न, प्रस्तुत लेखकाच्या मते, फ्रेड हॉइल आणि कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी केंब्रिज येथे १९६४ मध्ये केला. त्यांच्या सिद्धांतात प्रत्येक कणाचे वस्तुमान हे इतर सर्व कणांच्या योगदानांची बेरीज असते. एकाकी कणाला वस्तुमानच नसते. कणांची संख्या विपुल असली की आइन्स्टाइन यांची समीकरणे प्राप्त होतात आणि गुरुत्वबल आकर्षकच का, याचेही उत्तर मिळते. परंतु प्रसरणशील विश्वात ही बेरीज अनंत होते, असा आक्षेप स्टीफन हॉकिंग यांनी १९६५ मध्ये घेतला.

प्रयोगाची कसोटीही लागली. आपल्या आकाशगंगेचे द्रव्य एका दिशेला अधिक आहे. तेव्हा जडत्वही दिशेनुसार किंचित बदलावे, असे कोकोनी आणि सॅल्पीटर यांनी १९५८ मध्ये सुचविले. ह्यूज आणि ड्रेव्हर यांनी स्वतंत्रपणे लिथियमच्या अणुकेंद्रावर अतिशय सूक्ष्म मापने केली. असा फरक आढळला नाही. यावर डिकी यांनी मार्मिक युक्तिवाद केला : सर्वच कणांचे जडत्व सारख्या प्रमाणात बदलत असेल, तर तो बदल मोजता येणारच नाही. अशा बचावाने तत्त्व टिकते, पण ते तपासण्याची एक वाटही बंद होते.

निर्वात अवकाशातील शून्यबिंदू क्षेत्राच्या विरोधातून जडत्व उद्भवते, ही हाइश, रुएडा आणि पुटहॉफ यांची १९९४ ची उपपत्ती सर्वमान्य झालेली नाही. २०१२ मध्ये हिग्ज कण सापडल्याने प्रश्न सुटला, असे विद्यार्थी हमखास म्हणतात. वस्तुतः प्रोटॉनचे बहुतांश वस्तुमान तीव्र आंतरक्रियेच्या ऊर्जेतून येते. आणि बादलीतील पाणी कशाच्या सापेक्ष फिरते, याविषयी हिग्ज क्षेत्र काहीच सांगत नाही.