नवख्याला नावेत बसवताना

थंडी पडली की खानदेशात भरीत पार्ट्यांचे बेत सुरू होतात. कोणी शेतात जमतात, कोणी केळीच्या बागेत, कोणी नदीकाठी. अशाच एखाद्या बैठकीत कोणीतरी म्हणतो, यंदा नावेतून जाऊ, काठावर तंबू ठोकू आणि रात्री तिथेच राहू. कल्पना चांगली आहे. दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्यांना तर नदीसाठी लांब जायला नको. मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागले की हतनूर धरणाचा फुगवटा जवळच. त्याच्या काठी चांगदेवला तापी आणि पूर्णा एकमेकींना मिळतात. हिवाळ्यात तिथे पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरतात आणि सकाळचे पाणी आरशासारखे असते.

अशा सहलीत बहुधा एक जण जाणता असतो आणि एक नवखा. समजा, काका पुण्याला शिकत असताना बोट क्लबात वल्हे मारायला शिकलेले आहेत आणि पुतण्या आयुष्यात कधी नावेत बसलेला नाही. काकांना हौस आहे, पुतण्याला उत्सुकता आहे. नाही म्हणायचा संकोच मात्र त्याहून मोठा. वडीलधाऱ्यांनी बेत आखला की पुतण्या सगळ्याला ‘हो काका’ म्हणतो. पाण्यावरच्या दुर्घटनेची सुरुवात पुष्कळदा या ‘हो’मध्ये असते.

आधी नावेविषयी थोडे. ‘कनू’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. स्पॅनिश दर्यावर्दींनी तो उचलला आणि पुढे जगभर गेला. ही अरुंद, हलकी, दोन्ही टोकांना निमुळती नाव. वल्हे एकाच पात्याचे असते आणि गुडघ्यावर किंवा बाकावर बसून, तोंड पुढे करून ते मारायचे. दोन पात्यांचे वल्हे घेऊन पाय पसरून बसायची ती कयाक. ऑलिम्पिकमध्ये हे दोन्ही प्रकार १९३६च्या बर्लिन स्पर्धेपासून आहेत. आपल्या चांदवड तालुक्याच्या दत्तू भोकनळने गाजवलेले रोइंग हा तिसराच खेळ. त्यात पाठ पुढे करून बसतात. पण दत्तूचे उदाहरण नवख्यांना धीर देणारे आहे. दुष्काळी भागातला हा तरुण २०१२मध्ये सैन्यात भरती झाला, वल्ही त्याच्या हातात आली ती त्यानंतर आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला. वल्हवणे मोठेपणीही शिकता येते.

कनू उलटते ती गुरुत्वमध्यामुळे. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य खाली असतो. तो उभा राहिला की मध्य वर सरकतो आणि थोडे कलले तरी नाव पुन्हा सरळ होत नाही. म्हणून चढता-उतरताना कमरेत वाकायचे, दोन्ही हात काठांवर ठेवायचे आणि सामान तळाशी मधोमध बांधायचे. फोटोसाठी उभे राहण्याचा मोह नवख्याला हमखास होतो. त्याला हे आधीच सांगितलेले असावे.

दोघांच्या नावेत जाणत्याने मागे बसावे. दिशा मागून सांभाळली जाते, पुढच्याने फक्त एका लयीत पाणी ओढायचे. यात वैद्यकीय फायदाही आहे. मागचा माणूस पुढच्याला सतत पाहू शकतो. त्याचे वल्हे अडखळू लागले, मान खाली गेली, बोलणे तुटक झाले की लगेच कळते. वल्हे दंडाने न मारता कमरेतून धड वळवून मारायचे, हेही पहिल्याच दिवशी शिकवावे. नाहीतर दुसऱ्या दिवशी खांद्यातून कळ येते आणि परतीचा सगळा भार एकट्यावर पडतो.

‘त्याला पोहता येते’ हे वाक्य बेताच्या बैठकीत फार ऐकू येते. पोहता येणे चांगलेच. पण विहिरीत सूर मारणारा मुलगाही अंगात पँट-स्वेटर, पायात बूट आणि नाकातोंडात अचानक गेलेले पाणी अशा अवस्थेत गांगरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक जण बुडून मरतात. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून हाका मारत नाही. श्वास घेण्यातच त्याची सगळी शक्ती जाते, आवाज फुटत नाही आणि मिनिटाभरात तो मुकाट्याने खाली जातो.

लाइफ जॅकेट एवढ्यासाठीच. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते, म्हणून नाक-तोंड पाण्यावर ठेवायला साधारण पाच किलो वजनाएवढा जादा उचलही पुरतो. जॅकेट तो देते. मात्र ते नावेत ठेवलेले, उशीसारखे टेकलेले किंवा पट्टे न लावलेले असेल तर उपयोग शून्य. घातल्यावर जाणत्याने नवख्याच्या खांद्यांजवळ धरून ते वर ओढून पाहावे. हनुवटीवरून कानांपर्यंत सरकत असेल तर ते मोठे आहे. माप बदलावे. लाजेखातर कोणी काढून ठेवत असेल तर नाव काठावरून हलू नये. हा नियम काकांनाही लागू, कारण नवखा जाणत्याकडे बघूनच शिकतो.

आता ज्या गोष्टीवर बैठकीत कोणी बोलत नाही ती. नवख्याला कोणता आजार आहे, कोणते औषध चालू आहे, हे विचारायला हवे. चारचौघांत नव्हे, एकट्याला बाजूला घेऊन. आपल्याकडे मिरगी लपवली जाते. लग्न मोडेल, नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, या भीतीने घरातल्या घरातही ती बोलली जात नाही. गोळी गुपचूप घेतली जाते. मिरगी असलेल्या माणसाचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. त्यात तंबूतला मुक्काम म्हणजे अपुरी झोप आणि घाईत चुकलेली गोळी. झटका आणणारी ही दोन सर्वांत ओळखीची कारणे. झटका पाण्यात आला तर साधे जॅकेट माणसाला तरंगत ठेवील, पण त्याचे तोंड वरच राहील याची खात्री नाही. याचा अर्थ मिरगीच्या रुग्णाने नदीचे तोंड पाहू नये असा नाही. झटके आटोक्यात किती दिवस आहेत, यावर त्याच्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तोंड वर ठेवणारे जॅकेट मिळवावे, काठ सोडू नये. आणि मत प्रतिकूल असले तर काठावरच्या मुक्कामात, भरतात, पक्षी पाहण्यात तो सामील होऊ शकतोच. पण हे सगळे ठरवायला आधी खरे कळायला हवे. ‘सांगितलेस तर तुला मागे ठेवून जाऊ’ असा सूर असेल तर कोणी सांगणार नाही.

मधुमेहाची औषधे, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्याची साखर दोन तास वल्हवल्यावर झपाट्याने उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड ही लक्षणे दोघांनाही माहीत हवीत आणि साखरेची पुडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून खिशात हवी. सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी येते. दम्याचा पंप सामानाच्या तळाशी जाऊ नये. दारूविषयी वेगळे लिहायची गरज नसावी, पण भरीत पार्टी म्हटली की ती गरज पडते. घेतलेल्या माणसाने नावेत बसू नये. रात्री ‘जरा पाय धुऊन येतो’ म्हणत एकट्याने काठाशीही जाऊ नये.

पहिला दिवस प्रवासाचा ठेवूच नये. छातीएवढ्या संथ पाण्यात, टणक तळ बघून, नाव मुद्दाम उलटवावी. नवख्याला कळू द्यावे की जॅकेट आपल्याला वर आणते, नाव बुडत नाही, ती धरून राहायचे. काठ जवळ दिसला तरी तिला सोडून पोहत सुटायचे नाही. हा अनुभव एकदा आला की खऱ्या प्रसंगी भीती पुष्कळ ओसरते. त्यानंतर काठाकाठाने तासभर. मग कधीतरी सामान भरून अर्धा दिवस. मुक्काम त्याच्याही नंतर.

वेगवान पाण्याची हौस असेल तर ती वेगळी शाळा आहे. महेश्वरला सहस्रधारेत नर्मदा खडकांतून फुटून वाहते आणि तिथे स्लॅलम कनूच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा होतात. २०२३च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धेतला हा प्रकार तिथेच झाला. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालते ते वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर, प्रशिक्षित माणसांच्या हाताखाली. तिथे पैसे भरून जावे. हतनूरच्या फुगवट्यावर शिकलेल्या दोघांनी स्वतःच्या जबाबदारीवर ते करू नये.

तापीवरचा बेत आखताना हंगाम सर्वांत महत्त्वाचा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि भुसावळात पावसाचा थेंब नसतानाही ते उघडू शकतात, कारण पाणी येते बैतूल-बऱ्हाणपूरकडून आणि पूर्णेवाटे विदर्भातून. पावसाळ्यात नाव घरी ठेवावी. धरणाच्या खालच्या पात्रात आणि भिंतीजवळ कोणत्याही ऋतूत जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. वरून ऊन, खालून पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन आणि सावली कुठेच नाही, ही उष्माघाताची तयारीच. राहतात डिसेंबर ते फेब्रुवारीचे महिने. जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे आणि काठच्या भोई बांधवांशी बोलावे. जाळी कुठे टाकली आहेत, वारा कुठून सुटतो, हे त्यांच्याइतके कोणालाही माहीत नसते.

नवखे जोडपे संथ पाण्यावर तासाला तीन-चार किलोमीटर जाते. समोरून वारा असेल तर निम्मे. मोठ्या फुगवट्यावर दुपारनंतर वाऱ्याने लाटा उठतात. म्हणून सकाळी निघून जेवणाच्या वेळेपर्यंत मुक्कामाला पोचेल एवढेच अंतर धरावे आणि ते दोघांपैकी कमी ताकदीच्या माणसावरून मोजावे.

हतनूरचा खास धोका म्हणजे गाळ. पूर्णेने वर्षानुवर्षे आणलेला गाळ फुगवट्यात साचला आहे. पाणी उतरते तसा तो उघडा पडतो. वरून सुकलेला दिसतो, आत पाय मांडीपर्यंत जातो. नावेतून उतरण्याआधी वल्ह्याने तळ चाचपावा. पाय रुतलाच तर झटापट न करता नावेवर किंवा वल्ह्यावर वजन टाकून, आडवे होत हळूहळू पाय काढावा. मागे सरलेल्या पाण्याखालच्या गाळपेर जमिनीत शेतकऱ्यांची पिके असतात. तंबूला जागा त्यांना विचारून घ्यावी, पाण्यापासून दूर आणि उंचावर.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. तिथपर्यंत गाडी येते का, आणि तिथून रुग्णालय किती मिनिटांवर आहे? मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बहुतेकदा ना दुखते ना सुजते. पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबू हा त्यावरचा उत्तम उपाय. बूट झटकून घालावेत, विजेरीशिवाय उठू नये, भरतासाठी पऱ्हाट्या-काटक्या उजेड असतानाच गोळा कराव्यात. चावल्याची शंका आली तरी मांत्रिक नाही, चिरणे-बांधणे नाही. अवयव स्थिर ठेवून १०८ला फोन. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. नदीचे पाणी प्यायचे तर खळखळून उकळून.

आणि कोणी पाण्यात पडलेच तर? एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात, अशी बातमी दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. वल्हे पुढे करावे, दोर फेकावा, रिकामा पाण्याचा कॅन फेकावा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. पोटातले अन्न-पाणी वर येऊन फुप्फुसात जाते. बुडालेल्याला कमी पडलेला असतो प्राणवायू, म्हणून उताणे झोपवून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यावर ३० वेळा जोरात दाबून पुन्हा दोन श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला, बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांना सूज काही तासांनी येऊ शकते. हे काकांनी पुतण्याला शिकवलेले हवे. पडणारे काकाही असू शकतात.

निघताना घरी एक कागद ठेवावा. कुठून निघणार, कुठे राहणार, किती वाजता परतणार, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून ११२ला फोन करायचा. मोबाइल दोन पिशव्यांत गुंडाळून एकाच्या अंगावर असावा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला काठालगत जागा बदलून पाहायला हरकत नाही. पुतण्या मागे, काका पुढे. नाव आधी गोल फिरेल, मग कोणाच्या तरी जाळ्यात नाहीतर झुडपात शिरेल. पाणी कमरेएवढे आणि जॅकेटचे पट्टे घट्ट असतील तर काकांनी तोंडातून शब्द न काढता वल्हे मांडीवर ठेवून बसावे.