टाकीतले पाणी आणि ग्रामपंचायतीची पावडर

पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की खेड्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला रुग्णांच्या पत्त्यावरूनच रोगाचा अंदाज येऊ लागतो. एकाच आळीतली पाच-सहा माणसे एका दिवसात जुलाब-उलट्यांनी आली, तर त्यांनी आदल्या रात्री काय खाल्ले हे विचारण्याआधी मी नळ कोणता, हे विचारतो. "पाणी बाधलं असेल" असे म्हणून लोक सोडून देतात. पण पाणी बाधत नाही, पाण्यातून गेलेली विष्ठा बाधते. हे ऐकायला बरे वाटत नाही. तरीही जुलाब, हगवण, पटकी, विषमज्वर आणि कावीळ या पाचही आजारांचे मूळ बहुतेक वेळा तेच असते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय माझ्या दवाखान्यात नसून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एका पोत्यात असतो. त्याला आपण टी.सी.एल. पावडर किंवा ब्लिचिंग पावडर म्हणतो. गावाला पिण्याचे पाणी पुरवणे हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीचे काम आहे, आणि ते पाणी शुद्ध करूनच द्यायचे असते. बहुतेक गावांत पावडर टाकली जातेही. प्रश्न असतो तो ती कशी टाकली जाते याचा.

ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, त्याला ओल किंवा ऊन लागले, की हा क्लोरीन उडून जाऊ लागतो. प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेले, की ती पावडर पाणी शुद्ध करण्याच्या कामाची उरत नाही. दिसायला मात्र ती तशीच पांढरी दिसते. पुष्कळ ठिकाणी हे पोते कार्यालयाच्या ओलसर कोपऱ्यात, झाडू आणि जुन्या निवडणुकीच्या पेट्यांशेजारी पडलेले असते आणि एकेक पोते दोन-दोन पावसाळे पाहते. मग शिपाई इमानाने रोज पावडर टाकतो आणि गाव इमानाने आजारी पडते. पावडर कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवावी आणि तिचा नमुना वेळोवेळी प्रयोगशाळेत पाठवावा, हा नियम त्यासाठीच आहे.

मात्रेचा हिशेब अवघड नाही. चांगल्या पावडरची मात्रा साधारणपणे १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम धरतात. टाकी किती लिटरची हे तिच्यावरच लिहिलेले असते. विहिरीचे पाणी मोजायचे असेल, तर व्यासाचा वर्ग करून त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणावे व चाराने भागावे. मापे मीटरमध्ये घेतली, की उत्तर घनमीटरमध्ये येते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते, म्हणजे पावडर लागते १४० ग्रॅम. पावसाळ्यात विहीर चढली, की खोली वाढते आणि पावडरही वाढवावी लागते. उन्हाळ्यातला चमचा जुलैत चालत नाही.

पावडर टाकीत थेट ओतू नये. आधी बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी, मग पाणी वाढवून ढवळावे आणि दहा मिनिटे बादली स्थिर ठेवावी. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून घेऊन तेवढीच टाकीत किंवा विहिरीत सोडावी आणि पाणी चांगले हलवावे. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. यानंतर किमान एक तास थांबायचे असते. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. पावडर टाकून लगेच व्हॉल्व्ह उघडला, तर औषध आणि जंतू बरोबरच नळाला पोहोचतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाणी गढूळ असेल, तर क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतो. म्हणून आधी तुरटी, गाळ बसू देणे, मग पावडर, हाच क्रम ठेवावा.

पावडर पोहोचली की नाही, हे कळण्यासाठी ओ.टी. चाचणी आहे. क्लोरोस्कोपच्या नळीत नळाचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, की क्लोरीन असल्यास पिवळा रंग लगेच येतो. रंग आला नाही, तर पाणी निर्धास्तपणे पिण्यासारखे नाही, मग ते कितीही नितळ दिसो. ही चाचणी टाकीखालच्या नळावर करून भागत नाही. ती गावाच्या शेवटच्या नळावर करायची असते, आणि तिथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मिळाला पाहिजे. (चाचणीचे पाणी ओतून द्यावे, पिऊ नये.) अनुभव असा, की शेवटचा नळ ज्या वस्तीत असतो त्या वस्तीचा आवाज ग्रामसभेतही शेवटीच ऐकू येतो, आणि साथ पहिल्यांदा तिथेच लागते.

आता यात पंचायतीचा दोष नसलेला, म्हणजे आपला स्वतःचा भाग सांगतो. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद झाले, की जलवाहिनी रिकामी होते आणि तिच्यात बाहेरचे ओढून घेण्याची ताकद येते. जिथे जोड गळका असतो आणि त्याशेजारून गटार वाहते, तिथे गटाराचे पाणी आत शिरते. त्यात दाब कमी म्हणून आपण नळाला थेट विजेची मोटार लावतो. ती मोटार शेजाऱ्याचे पाणी तर ओढतेच, पण वाटेतल्या प्रत्येक भेगेतून घाणही ओढते. शिवाय नळ खाली यावा म्हणून अंगणात खड्डा करतात. पावसात तो खड्डा भरतो, तोटी पाण्यात बुडते आणि नळ बंद असताना तेच पाणी उलटे वाहिनीत जाते. टाकीत कितीही शुद्ध पाणी असले तरी या खड्ड्यापुढे त्याचे काही चालत नाही. मोटार काढा म्हटले, की माणसे रागावतात. रागावोत. नळ जमिनीपासून वर असावा आणि त्याला तोटी असावी, एवढे तरी प्रत्येकाने आपल्या दारात करावे.

"पाण्याला औषधाचा वास येतो" ही तक्रार घेऊन लोक सरपंचांकडे जातात आणि सरपंच माणूस निवडून आलेला असल्याने पावडर कमी होते. हा वास थोडा असणे चांगले लक्षण आहे. नको वाटत असेल, तर पाणी पसरट भांड्यात झाकून तासभर ठेवावे, तो बराच कमी होतो. वासाचा कंटाळा येऊन जारचे थंड पाणी घेणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की त्या जारची तपासणी शेवटची कधी झाली? थंड असणे आणि शुद्ध असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे सारे कशासाठी, असे वाटत असेल तर २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ आठवावी. ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ई' प्रकारच्या काविळीची होती आणि तिने बळी घेतले. ही कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाते; पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती बाईच्या जिवावर उठते. घरात गरोदर सून किंवा लेक असेल आणि गावात काविळीचे रुग्ण दिसू लागले, तर तिला उकळलेलेच पाणी द्यावे, आणि डोळे पिवळे दिसताच गळ्यात माळ बांधत न बसता रुग्णालय गाठावे.

आपल्या राज्यात गावच्या पाणीस्रोतांची पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होते. धोका जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते, मध्यम असेल तर पिवळे आणि कमी असेल तर हिरवे. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, गळती आहे का, पावडरचा साठा आहे का, हे त्यात पाहतात. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती गावकऱ्यांना माहीत असते? ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारावे. पाण्याचे नमुने आरोग्यसेवक निर्जंतुक बाटलीतून प्रयोगशाळेत पाठवतात. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतला ई-कोलाय जंतू एकही सापडता कामा नये. 'पिण्यास अयोग्य' असा अहवाल आला, तर पंचायतीने काय केले आणि पुन्हा नमुना कधी दिला, हा प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. गटार आणि रस्त्यावर तिथे तासन्तास भांडण होते, पाण्याच्या अहवालावर कधीच होत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने आपली पाणीपट्टी मात्र भरलेली असावी. ज्या जलसुरक्षकाकडून आपण पहाटे पाचला अचूक मोजमापाची अपेक्षा करतो, त्याच्या मानधनाची आणि त्याला दिलेल्या तराजूचीही चौकशी त्याच सभेत व्हावी. कित्येक ठिकाणी तराजूच नसतो. मूठ हेच माप.

साथ आलीच, तर पाणी खळखळून उकळावे किंवा आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब घेऊन बाटलीवरील मात्रेप्रमाणे वापरावेत. जुलाब लागलेल्याला सलाईनची घाई करण्याआधी क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात कालवून पाजावे. पाकीट नसेल, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. लहान मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये, आणि त्याला जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस द्याव्यात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून त्या थांबवू नयेत. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊ लागले, तर वाट पाहू नये, रात्र असली तरी निघावे. आणि एकाच आळीत दोनापेक्षा जास्त घरांत जुलाब दिसले, तर त्याच दिवशी उपकेंद्रात कळवावे. सात जण आजारी होईपर्यंत थांबलेल्या गावात पुढच्या दोन दिवसांत सत्तर होतात.