पिशवीवरचे पस्तीस दिवस

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती नेसरीच्या खिंडीत पडले, तेव्हा अंगातून वाहून गेलेले रक्त परत देण्याची सोय जगात कुठेच नव्हती. आज नेसरीची एखादी बाळंतीण अतिरक्तस्रावाने गळून गेली, तर तिला चढवायला पिशवी मिळू शकते. पण त्या पिशवीतले रक्त किती दिवसांचे आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. रक्त साठवण्याच्या शंभर वर्षांच्या वाटचालीत हाच प्रश्न मागे पडत गेला.

साठवणीची पहिली अटच मुळी रक्त गोठू न देणे ही होती. १९१४ मध्ये ब्रसेल्समध्ये हुस्टिन आणि ब्युनोस आयर्समध्ये आगोते यांनी स्वतंत्रपणे सायट्रेट वापरले. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी बर्फाच्या पेटीत बाटल्या ठेवून जखमी सैनिकांना रक्त दिले. १९३७ मध्ये शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी रुग्णालयात रक्तपेढी सुरू केली. भारतातली पहिली १९४२ मध्ये, युद्धकाळातच, कलकत्त्याला निघाली. काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, तरी आपल्याकडे अजूनही लोक ‘बाटली चढवली’ असेच म्हणतात.

पुढे सायट्रेटला फॉस्फेट, डेक्स्ट्रोज आणि ॲडेनिन यांची जोड मिळाली आणि पिशवीची मुदत ३५ दिवसांवर गेली. तापमान २ ते ६ अंश. हे ३५ दिवस ठरले ते लाल पेशींवरून: रक्त चढवल्यानंतर २४ तासांनी किमान तीन चतुर्थांश लाल पेशी रुग्णाच्या अंगात तग धरून हव्यात. रक्त गोठवण्याची ताकद त्या हिशोबात धरलेलीच नाही. खूप दिवसांच्या पिशवीतून प्राणवायू वाहणारे रक्त मिळते. रक्तस्राव थांबवायला त्यातून फारशी मदत होत नाही.

थंडीत नेमके काय होते? गोठण्याच्या साखळीतले आठवे घटकद्रव्य पहिल्या काही दिवसांतच निम्म्याच्या आसपास येते, पाचवेही हळूहळू उतरते. फायब्रिनोजेन मात्र चांगले टिकते. खरी गुंतागुंत प्लेटलेट्सची आहे. थंडीत त्यांचा चपटा आकार जाऊन त्या गोल होतात, अंशतः जाग्याही होतात. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवले, की फ्रीजमधल्या प्लेटलेट्स शरीरात गेल्यावर लवकर नाहीशा होतात. २२ अंशांवर ठेवलेल्या कित्येक दिवस राहतात. त्या एका निष्कर्षाने रक्तपेढ्यांची रचनाच बदलली. लाल पेशी फ्रीजमध्ये, प्लेटलेट्स सतत हलणाऱ्या यंत्रावर आणि तेही पाचच दिवस, प्लाझ्मा गोठवून. एका दात्याचे रक्त तिघांना, हे खरेच मोठे काम झाले. पण ही सगळी यंत्रे मोठ्या रक्तपेढीत असतात. गावाकडच्या साठवण केंद्राला फ्रीज झेपतो, प्लेटलेट्सचे यंत्र नव्हे.

आणि मग विज्ञानानेच मागे वळून पाहिले. १९९१ मध्ये फिलाडेल्फियाच्याच बालरुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांवर अभ्यास झाला. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलेले संपूर्ण रक्त अगदी ताज्या रक्ताइतकेच उपयोगी पडले, आणि वेगवेगळे घटक एकत्र करून दिलेल्या रक्तापेक्षा रक्तस्राव कमी झाला. २०११ मध्ये तिथल्याच संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासले, तर थंड संपूर्ण रक्ताची गुठळी निदान ११ दिवस नीट बनत होती, प्लेटलेट्सचा स्वतंत्र चाचणीतला जोर उतरला होता तरीही. थंडीत अर्धवट जागी झालेली प्लेटलेट शरीरात फार टिकत नाही, पण वाहत्या जखमेवर लगेच कामाला लागते. रक्तस्रावाच्या रुग्णाला त्या घटकेला तेवढेच हवे असते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थंड प्लेटलेट्स ठरावीक परिस्थितीत १४ दिवसांपर्यंत वापरण्याची वाट मोकळी केली.

रक्त गावापर्यंत पोहोचवणे ही पहिली अडचण. महाराष्ट्राने तसा प्रयत्न केला होता. २००१ च्या अखेरीस केंद्राने ग्रामीण रुग्णालयांतल्या साठवण केंद्रांना परवान्यातून सूट दिली. २०१४ मध्ये १०४ क्रमांकावर राज्याची ‘ब्लड ऑन कॉल’ योजना आली: शीतपेटीतून, मोटारसायकलवरून, सुमारे ४० किलोमीटरच्या परिघात रक्त. कोल्हापूर शहरापासून नेसरी त्या परिघाबाहेरच पडते. २०२२ मध्ये ती योजनाही बंद झाली. ती बंद व्हायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण रोजच्या शिस्तीत आहे. पिशवी वाया जाऊ नये म्हणून जुनी आधी द्यायची, हा रक्तपेढीचा नियम. रक्तक्षयाच्या रुग्णाला तो चालतो. धो धो रक्त जाणाऱ्या बाईला तीच पिशवी देणे मला पटत नाही. ताजे रक्त म्हणजे नातेवाइकाच्या हातातून काढून थेट दिलेले, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. एचआयव्ही, ‘बी’ आणि ‘सी’ या दोन्ही काविळी, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या तपासण्यांना पर्याय नाही.

रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी दोन आठवड्यांच्या आतल्या पिशव्या वेगळ्या राखायच्या, तर त्या वर्षभर यायला हव्यात. आपल्याकडे जयंती, स्मृतिदिन आणि नेत्यांचे वाढदिवस आले की शिबिरांची गर्दी होते आणि मे महिन्यात फ्रीज रिकामे पडतात. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. नेसरी परिसरातल्या मंडळांनी एका दिवसाचा उच्चांक सोडून दर पंधरवड्याला थोडे-थोडे दाते पाठवावेत, आणि पुढचे शिबिर ठरवण्याआधी जवळच्या रक्तपेढीला फोन करून गरज कधी आहे ते विचारावे.